पन्नासला पांढरी एक

बेळगावहून परतताना आत्या पुढच्या सीटवर होती. चोर्ला घाट उतरलो, केरी मागे टाकली, रस्ता सपाटीला लागला आणि मी जीप टॉपला टाकली. आत्या बराच वेळ गप्प होती. देवळातल्या भजनाला उभा जन्म पेटी वाजवलेली बाई. गप्प असली म्हणजे काहीतरी ऐकत असते, हे आम्हा घरच्यांना ठाऊक. मग म्हणाली, “तुझी गाडी सूर धरून बसलीय रे.” मी म्हटलं, जुनी गाडी आहे आत्ये, आवाज करायचीच. “आवाज नव्हे, सूर. पांढरी एक. आणि तू पाय उचललास की जातो.” तिने ओठ मिटून सा धरला. मी पाय थोडा दाबला, तसा मागच्या बाजूचा तो हुंकार तिच्या सा-वरून सरकत काळी एकच्या दिशेने चढला. पाय उचलला, गेला. परत दाबला, आला. काटा पन्नासच्या आसपास हलत होता. साखळी येईपर्यंत आम्ही दोघं हेच करत बसलो.

आवाज मला नवा नव्हता. गेल्या पावसाळ्यापासून तो होता, आणि पावसाळ्यात जीपला इतके आवाज असतात की त्यातला एक वेगळा काढून कोण बघणार. पण आत्याने त्याला पट्टी दिली आणि तो माझ्या डोक्यातून जाईना. घरी येऊन कागद घेतला. आमच्या जीपला सोळा इंची रिमवर सहाचे टायर आहेत, चाकाची एक फेरी म्हणजे साधारण सव्वादोन मीटरच्या आत. ताशी पन्नास म्हणजे सेकंदाला चौदा मीटरला जरा कमी, म्हणजे चाक सेकंदाला सहाच्या वर फेरे मारतं. मागच्या एक्सलमधला क्राऊन, म्हणजे तिथलं मोठं दातेरी चाक, गाडीच्या चाकाबरोबर फिरतो. त्याला 43 दात असले तर सेकंदाला सुमारे 270 वेळा दाताला दात लागणार. पेटीची मधली पांढरी एक 262 च्या आसपास वाजते, काळी एक 277 ला. आत्याच्या कानाने गाडीच्या पोटातले दात मोजले होते.

आता क्राऊनला खरंच 43 दात आहेत का, हे उघडल्याशिवाय कसं कळणार? त्याला सोपी युक्ती आहे. एक मागचं चाक जॅकवर उचलायचं, बाकीच्या चाकांना दगड लावायचे, गिअर न्यूट्रलला ठेवून हँडब्रेक सोडायचा. उचललेलं चाक हाताने बरोबर दोनदा फिरवायचं. दुसरं चाक जमिनीवर घट्ट असल्यामुळे डिफरन्शियल ते दोन फेरे वाटून घेतं आणि क्राऊन आतल्या आत एकदाच फिरतो. तेवढ्यात प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या एक्सलला आणणारा लांब दांडा, किती फिरला ते खडूची खूण बघून मोजायचं. आमचा पाच फेरे पूर्ण करून सहाव्याचा तिसरा हिस्सा ओलांडून थांबला. म्हणजे 5.38. म्हणजे क्राऊनला 43 दात आणि त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनला 8. कोपऱ्यात बसून मुलगा खडूच्या खुणेवर नजर ठेवत होता, त्याने दोनदा मोजून घेतलं.

म्हणजे आवाज दातांचाच.

तरी मेस्तांकडे, म्हणजे आमच्या जुन्या मेस्त्रींकडे गेलो. हे मेस्त एके काळी खाणीच्या वर्कशॉपात होते. डिचोली, साखळी, उसगावच्या पट्ट्यात माझ्या पिढीने जे मेकॅनिक पाहिले ते बहुतेक त्या वर्कशॉपांतून तयार झालेले. तांबड्या मातीत दिवसरात्र चालणारे ट्रक, त्यांच्यामागे पळणाऱ्या जीपा, आणि रात्रीच्या पाळीला बल्बच्या पिवळ्या उजेडात एक्सलचं एखादं हाउसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, उघडून बसलेली माणसं. वडिलांबरोबर मी लहानपणी तिथे जायचो. जमीन तेलाने काळी, माणसांचे हात काळे, आणि सगळ्यावर लाल धूळ. 2012 साली खाणी बंद झाल्या आणि ही माणसं पांगली. कोणी म्हापशाला गॅरेज टाकलं, कोणी सुपारी-नारळाचं कुळागर बघायला घरी बसलं, कोणाची मुलं आखातात गेली म्हणून त्यांनी पाना कायमचा खाली ठेवला. खाणींच्या बाजूने आणि विरोधात गोव्यात पुष्कळ बोललं गेलं, मलाही तुटलेले डोंगर पाहवत नाहीत. पण त्या हातांत काय काय होतं आणि ते पुढे कुणाकडे गेलं, याबद्दल फारसं कुणी बोललं नाही.

मेस्तांनी माझा हिशोबाचा कागद बघितलाही नाही. म्हणाले, “पुता, आवाज खंयसून येता तें पयलीं सोद. मागीर पानो हातांत घे.” आणि त्यांनी मला शोधायला लावलं. डांबरावरून मातीच्या रस्त्यावर गाडी घातली की आवाज बदलतो का? बदलला तर टायर. वळणावर एका बाजूला वजन गेलं की वाढतो का? वाढला तर चाकाचं बेअरिंग. गिअर टाकताना मागून ठक् होतं का? तर प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस बघ. पाय दाबल्यावरच येतो आणि उचलल्यावर जातो, तर मग पिनियन. दातांची जी बाजू इंजिनाचा जोर घेते, ती झिजलेली. पण घाट उतरताना, पाय वर असताना, एक दुसरीच जाड घरघर मला ऐकू येत होती, ती आत्याने सांगितली नव्हती कारण तिला सूर नव्हता. ते ऐकल्यावर मेस्त जीपखाली वाकले, पिनियनचं फ्लँज मुठीत धरून वरखाली हलवलं आणि माझा हात धरून तिथे ठेवला. अगदी बारीक, पण टक् लागत होतं. प्रोपेलर शाफ्ट जिथे हाउसिंगला मिळतो तिथे असं काही लागता कामा नये. पिनियनची बेअरिंगं गेली होती.

तेल काढलं तर ते दुधाळ. हे वाळवंटी नदीचं काम. दर पावसाळ्यात एकदोनदा तरी आमच्या बाजूच्या रस्त्यांवर गुडघाभर पाण्यातून गाडी काढावी लागते. तापलेलं हाउसिंग गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते. वरचा ब्रीदर, म्हणजे हवेची वाट, मोकळा असेल तर तिथून हवा आत येते. तो मातीने बुजलेला असेल तर हाउसिंग ऑइल सीलच्या कडेने पाणी ओढतं. आमचा ब्रीदर लाल चिखलाने दगड झाला होता. ड्रेन बोल्ट कपड्यावर घासून बघितला: करड्या लेपात चमकणारा चुरा, पण तुकडा एकही नाही. दात अजून तुटलेले नव्हते, झिजलेले होते.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. प्रश्न पुढचा. हे काम कोणी करायचं?

सगळ्यात सोपा सल्ला मिळाला तो असा की काही करू नकोस. आवाज करणाऱ्या क्राऊन-पिनियनवर गाड्या वर्षानुवर्षं चालतात, हे खरंच आहे. तेल बदल, जड घाल, चालव. बेअरिंगं शाबूत असती तर मी हेच केलं असतं. दुसरा सल्ला, भंगारातून अख्खा एक्सल आणून चढव. आजकाल बहुतेक गॅरेजवाले हेच सांगतात आणि त्यात त्यांचा दोष नाही. एका दिवसात गाडी बाहेर पडते. पण त्या भंगारातल्या एक्सलचा आवाज चढवल्यावरच ऐकू येणार. तिसरा, गॅरेजला देऊन नवी जोडी बसवून घे. मी विचारायला गेलो. “शिम किती घालता?” असं विचारल्यावर उत्तर आलं, “जुने होते तेच.” शिम म्हणजे जोडी जुळवायच्या पोलादाच्या पातळ चकत्या, आणि जुने शिम जुन्या जोडीसाठी असतात. तिथून मी निघालो.

कारण ही जोडी जोडीच असते. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून लॅप करतात, दोन्हींवर एकच नंबर कोरतात, आणि एकाचा दुसऱ्याशिवाय उपयोग नसतो. शिवाय हे साधे बेव्हल गिअर नव्हेत. पिनियनचा अक्ष क्राऊनच्या मध्यातून न जाता त्याच्या खालून जातो. त्याला हायपॉइड म्हणतात. 1926 साली पॅकार्डने अशी जोडी मोटारीत आणली तेव्हा त्यांना प्रोपेलर शाफ्ट खाली आणून गाडीची बैठक बुटकी करायची होती. दातही मोठे आणि मजबूत मिळाले, चालही शांत झाली. पण अक्ष खाली गेल्यामुळे हे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, लांबीच्या दिशेने घसरतात. एवढ्या दाबाखाली घसरणाऱ्या धातूंमध्ये साधं तेल टिकत नाही, म्हणून गंधक आणि फॉस्फरस घातलेलं जीएल-5 तेल लागतं. मागच्या एक्सलच्या तेलाला जो उग्र, नाकात बसणारा वास असतो, तो या गंधकाचा. तो हातावरून साबणाने जात नाही. वडील जेवायला बसले की त्यांच्या बोटांना तो यायचा आणि आई पानात लिंबाची फोड जास्त ठेवायची.

हायपॉइड जोडी बसवायची म्हणजे चार गोष्टी जुळवायच्या. पिनियन क्राऊनच्या किती जवळ जावा, म्हणजे त्याची खोली. पिनियनच्या दोन बेअरिंगांवर किती ताण असावा. क्राऊन आणि पिनियनमध्ये किती मोकळीक असावी. आणि क्राऊन धरणाऱ्या बाजूच्या बेअरिंगांवरचा दाब. सगळं शिमांनी ठरतं: तीन थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), पाच थाऊ, दहा, तीस. आमच्या जातीच्या एक्सलला मोकळीक पाच ते नऊ थाऊ चालते, म्हणजे 0.13 ते 0.23 मिलिमीटर, दोनतीन केसांच्या जाडीची. ती डायल गेजने मोजायची, क्राऊनवर एका नव्हे तर तीनचार ठिकाणी. बेअरिंगांचा ताण नव्यांना 20 ते 40 इंच-पौंड. त्याला वेगळा पाना मिळतो, पण माझ्याकडे मासळी तोलायचा स्प्रिंगचा काटा आहे. फ्लँजवर दोन इंचांच्या त्रिज्येवर दोरी गुंडाळायची, काट्याने ओढायची, आणि पिनियन सावकाश फिरत असताना काटा साडेचार आणि नऊ किलोंच्या मध्ये राहिला पाहिजे. हे मी जुन्या फ्लँजवर करून बघितलं. काटा दीड किलोवर लोंबकळत राहिला, त्यातच बेअरिंगांची अवस्था कळली.

आणि मग रंग. हा भाग मला सगळ्यात आवडतो. चारसहा दातांवर निळ्या रंगाचा पातळ हात द्यायचा, चाकांना किंचित अडवून जोडी फिरवायची, पुढे आणि मागे, आणि टॉर्चच्या उजेडात बघायचं की रंग कुठून पुसला गेला. पुसलेला डाग दाताच्या बुडाशी असेल तर पिनियन फार आत गेलाय, शिम कमी करा. माथ्याशी असेल तर बाहेर राहिलाय, वाढवा. दाताच्या आतल्या टोकाकडे किंवा बाहेरच्या टोकाकडे सरकला असेल तर क्राऊन हलवा. डाग मध्यावर, कडांपासून सुटा, अंडाकृती आला की झालं. तो आला नाही तर? पिनियन काढा, बेअरिंगाची वाटी काढा, शिम बदला, सगळं परत जोडा, परत रंग लावा. क्राऊनच्या बाजूचे शिम तर बेअरिंगाच्या मागे बसतात, म्हणजे दरवेळी पुलर लावून बेअरिंग उपटा. म्हणून जाणती माणसं जुनी बेअरिंगं आतून घासून सैल करून ठेवतात, मापं जुळेपर्यंत तीच हाताने घालतात-काढतात, आणि नवी शेवटी प्रेसने बसवतात. ट्रकचा गोळा, म्हणजे क्राऊन-पिनियनसकट आतला सगळा भाग, आख्खा बाहेर येतो, बाकावर ठेवून हे सगळं होतं. जीपचं हाउसिंग अखंड, मागच्या झाकणातून सगळं आत जातं आणि बाहेर येतं. एक तर आडवं पडून करा, नाहीतर एक्सल खाली उतरवून घ्या.

हे सगळं वाचून-विचारून झाल्यावर मला एक गोष्ट पटली आणि ती मी ठामपणे मानतो. हे काम अवघड आहे ते हातामुळे नाही, वेळेमुळे. यात अशी एकही पायरी नाही जिचं माप घेता येत नाही. पॅच वेल्ड करायचा असता, पत्रा ठोकून सरळ करायचा असता, तर मी हात लावला नसता. तिथे वीस वर्षांचा हातच लागतो. पण जिथे डायल गेज खरं सांगतं, जिथे निळा रंग खरं सांगतो, तिथे कमी पडतो तो पाचव्यांदा उघडण्याचा धीर. गॅरेजवाल्याला पाचव्यांदा उघडणं परवडत नाही. त्याच्या दारात पुढची गाडी उभी असते, पोरांचा पगार द्यायचा असतो. तिसऱ्या वेळेला डाग ‘बऱ्यापैकी’ आला की तो झाकण लावतो, आणि त्याच्या जागी मी असतो तरी लावला असता. माझ्याकडे अनुभव नाही. पण माझी जागा अडत नाही.

एक मोह मात्र आवरला. 5.38 ऐवजी 4.88 टाकावं, 39 आणि 8. साठच्या वेगाला इंजिन मिनिटाला सव्वादोनशेने सावकाश फिरेल, पणजीला जाताना कान किटणार नाहीत. पण आमची जीप चारही चाकं ओढणारी. मागे 4.88 आणि पुढे 5.38 ठेवून फोर-व्हील लावला तर पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांशी भांडणार आणि मधला ट्रान्स्फर बॉक्स ते सोसणार. बदलायचं तर दोन्ही. आणि आमच्या कुळागराचा चढ पावसाळ्यात फोर-व्हीलशिवाय चढत नाही. सुपारी आणि नारळ भरून तो चढ चढायला 5.38 च बरा. वडिलांनी तो विचार करूनच गाडी घेतली असणार, किंवा तेव्हा मिळाली ती घेतली असेल. त्यांना विचारता येत नाही.

भीती आहे. ती तेलाची, पैशांची किंवा फुकट जाणाऱ्या रविवारांची नाही. या कामाचा निकाल लगेच लागत नाही, याची आहे. चुकीची बसवलेली जोडी पहिल्या दिवशी सुतासारखी चालू शकते. पहिल्या फेरीत ती स्वतःहून तापते, म्हणून पंधरावीस मिनिटं चालवून गार होऊ द्यावी लागते, पहिले काही शे किलोमीटर ओझं टाळावं लागतं, आणि सातआठशे किलोमीटरनंतर तेल काढून त्यात काय निघालं ते बघावं लागतं. चुकलं तर तोवर दातांवरचा कठीण थर गेलेला असतो. त्याहून वाईट म्हणजे घाटात दात तुटला आणि दुसऱ्या दातात अडकला तर मागची चाकं जाम होतात. चोर्ल्याच्या वळणांवर धुकं असताना, मागे वाळूचा ट्रक असताना. बायकोने एकच प्रश्न विचारला: “तू बसवलेल्या गाडीत आत्याला घालून घाट उतरशील?” मी लगेच हो म्हणालो नाही. त्या रात्री आणि पुढच्या कितीतरी रात्री तो प्रश्न मी फिरवून पाहिला. शेवटी उलटा विचारला. जुने होते तेच शिम घालणाऱ्याने बसवलेल्या गाडीत मी तिला घालून उतरेन? याचं उत्तर लगेच आलं.

मेस्तांना जाऊन सांगितलं. त्यांनी आयुष्यात डायल गेज फारसं वापरलं नाही. क्राऊन दोन्ही हातांत धरून हलवायचे आणि मोकळीक सांगायचे, आणि ती बरोबर निघायची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आता त्यांचे हात कापतात. चहाची कपबशी ते दोन्ही हातांनी धरतात. मी म्हटलं, मेस्ता, तुम्ही शेजारी बसाल का? ते थोडा वेळ अंगणातल्या जीपकडे बघत राहिले. मग म्हणाले, “हांव येतां. पूण हात तुजे.” आणि लगेच कामाचं बोलायला लागले. एक्सल खाली उतरव, पडून करू नकोस. बेअरिंगाच्या टोप्यांवर खुणा कर, डावी उजवीला गेली तर जागेवर बसत नाही. पिनियनचा नट जुना लावू नकोस. गेज आण, मला दाखव ते कसं वाचतात.

ते शेवटचं वाक्य त्यांनी सहज म्हटलं, पण मला ते फार लागलं. ज्यांना कधी गरज पडली नाही ते आता शिकायला तयार आहेत, आणि मी गेजच्या भरवशावर त्यांचं काम करायला निघालोय. काहीतरी त्यांच्याकडून माझ्याकडे येतंय असं मला वाटायला हवं होतं. तसं वाटतही होतं. पण त्यांच्या बोटांना जे कळत होतं ते गेजमध्ये नाही, आणि माझ्या बोटांत यायला मला आणखी शंभर एक्सल उघडावे लागतील, ते मी उघडणार नाही. एकच उघडेन. तो नीट बसवेन.

मग ठरवलं ते असं. एक्सल मी उतरवणार, धुणार, मापं मी घेणार, रंग मी लावणार. मापं जुळली की नवी बेअरिंगं बेळगावच्या उद्यमबागेत प्रेसवर बसवून आणणार, घरी हातोड्याने नाही. ब्रीदरला नळी लावून ती वर बॉडीत नेणार, म्हणजे वाळवंटी पुन्हा आत यायची नाही. मेपर्यंत डाग मध्यावर आला नाही तर जीप पावसाळाभर पडवीत उभी राहील आणि सुपारी भाड्याच्या टेम्पोने जाईल. घाईने झाकण लावायचं नाही, एवढं घरात सगळ्यांसमोर कबूल केलं.

काल बेळगावला स्पेअरवाल्याला फोन केला. जोडी आहे म्हणाला, 43-8, खोक्यात. मी म्हटलं, खोकं उघडा आणि दोन्हींवरचा नंबर वाचा. “साहेब, सील फोडावं लागेल.” फोडा, मीच घेणार आहे. बराच वेळ कागदाचा आवाज येत राहिला. दोन्ही नंबर सारखे निघाले. पिनियनच्या तोंडावर आणखी एक बारीक आकडा असतो, ठरलेल्या खोलीपासून हा पिनियन किती थाऊंनी वेगळा बसायचा ते सांगणारा. तो वाचायला सांगितला. त्याने उजेडात नेऊन वाचला. अधिक दोन. मी तो भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवलाय. जुन्या पिनियनवर काय कोरलंय ते झाकण उघडल्यावर कळेल, आणि त्या दोन आकड्यांतल्या फरकावरून पहिला शिम ठरेल. शनिवारी बेळगावला जायचंय, बसने. आत्या म्हणाली, मीही येते, पेटीचा भाता दुरुस्तीला टाकायचाय.